माया

आमच्या घरी दिवाळी वाजत येत असे. दसऱ्याचे सोने वाटून झाले की दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आईचे मशीन सुरू होई, ते थेट नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री थांबे. एकसारखी खटखट म्हणजे सरळ टीप. मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली म्हणजे कोपरा. आणि मशीन बराच वेळ गप्प राहिले म्हणजे आई हूक लावीत बसली आहे, आता भूक लागली असे सांगायला हरकत नाही! इतर घरांतली मुले फराळाच्या वासाने दिवाळी ओळखीत, आम्हां भावंडांना ती कानांनी कळे. फराळ व्हायचा तो अगदी शेवटच्या रात्री, आणि तोही चिंध्या झाडून झाल्यावर. करंजीत दोरा निघाला तर ती ज्याच्या वाट्याला येईल त्याचे वर्ष चांगले जाते, अशी समजूत आईने आमच्यात पसरवून दिली होती. मोठी होईपर्यंत ती मला शास्त्रातलीच वाटे.

ते मशीन अजून आहे. काळे कुळकुळीत अंग, त्यावरची सोनेरी नक्षी आईच्या मनगटाच्या घासण्याने एका बाजूला पुसलेली, खाली लोखंडी पायटा, आणि दर दोन-तीन वर्षांनी सैल पडणारा चामडी पट्टा. आई लग्न होऊन नगरला आली ती १९७२ च्या दुष्काळात. बाहेर माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती आणि घरात वडिलांची नोकरी कच्ची होती. नालेगावात एका महिला मंडळाचा शिवणवर्ग चाले. आईने तिथे नाव घातले. पुढे हप्त्याहप्त्याने हे मशीन आले. आमच्या शाळेच्या फिया, वडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न, सगळे याच्या चाकावरून गेले.

शिवणवर्ग ही आपल्याकडे बायकांना पायांवर उभे करण्याची जुनी वाट आहे. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन काढले, त्याच्या वर्गांत शिवणकाम होते. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले. त्या काळात गावोगावच्या महिला मंडळांतून मशिने खडखडू लागली. यंत्रांविषयी एरवी इतके साशंक असणारे गांधीजी, पण १९२४ साली त्यांनीसुद्धा सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केला. सिंगरने ते आपल्या बायकोचे कष्ट पाहून घडवले, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी की, याच यंत्राच्या एका पूर्वजाचा पॅरिसमध्ये चुराडा झाला होता. तिमोनिये नावाच्या फ्रेंच शिंप्याने सैनिकांचे कपडे शिवायला ऐंशी यंत्रे मांडली, तर १८३१ साली तिथल्या शिंप्यांच्या जमावाने ती फोडून टाकली. हे आमच्या पोटावर येणार, असे त्यांना वाटले. ही हकीकत मी एकदा आईला सांगितली. ती म्हणाली, "मेल्यांना हप्ते भरावे लागले असते तर फोडली नसती!"

आईने पुढे घरातच ओसरीवर शिवणवर्ग सुरू केला. तिची शिकवण्याची एक रीत होती. पहिला आठवडाभर ती मुलींना दोराच देत नसे. वहीचा रेघांचा कागद सुईखाली घालायचा आणि बिनदोऱ्याच्या सुईने रेघेवरून भोके पाडीत जायचे. आधी सरळ रेघा, मग चौकोन, मग गोगलगाईसारखा वळत जाणारा गोल. चौकोनाच्या कोपऱ्याशी आले की सुई कागदातच ठेवायची, कापड दाबणारा पाय उचलायचा, कागद वळवायचा, पाय टेकवायचा आणि पुढे निघायचे. पाय आणि हात एका विचाराचे झाले की मग दोरा. मुली कंटाळत. आई म्हणे, "कागद बोलतो. भोक रेघेबाहेर गेलं की लगेच दिसतं. कापड लबाड असतं, ते झाकून घेतं."

या वर्गात नगरच्या निदान दोन-तीनशे मुली शिकून गेल्या असतील. त्यांत मी नव्हते.

का नव्हते, ते सांगायचे तर एका फ्रॉकची गोष्ट सांगावी लागेल, आणि त्यासाठी आधी शिंपीकामातला एक शब्द सांगायला हवा. टिपेच्या पलीकडे, आतल्या बाजूला जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरले, उंची वाढली, की जुनी टीप उसवायची आणि मायेतले कापड बाहेर घ्यायचे. दुकानातल्या तयार कपड्यांना माया नावापुरती असते. आई आमच्या कपड्यांना ती भरपूर ठेवी, कारण एक फ्रॉक तीन दिवाळ्या पुरवायचा असे. पण उसवलेल्या जागी जुन्या टिपेची रेघ राहते, आणि आतून निघालेल्या कापडाचा रंग उन्हाधुण्याने न विटल्यामुळे वेगळा दिसतो. आठवीत असताना वर्गातल्या एका मुलीने माझ्या कुशीवरच्या रेघा बोटाने मोजल्या आणि सगळ्यांसमोर जाहीर केले, "हा फ्रॉक तीन वर्षांचा आहे!" मुली हसल्या. त्या वर्षी दिवाळीला आईने मला गुलबक्षी रंगाचा नवा फ्रॉक शिवला. मी तो उलटा केला, ब्लेड घेतले आणि दोन्ही बाजूंची माया टिपेलगत कापून टाकली. पुढच्या वर्षी रेघच पडायची नाही!

पुढच्या वर्षी अर्थातच फ्रॉक बसेना. आईने तो उसवायला घेतला. मी दाराआडून पाहत होते. तिने आतली कापलेली कड बोटांनी चाचपली, क्षणभर तशीच बसली, आणि काही न बोलता उठून पेटी उघडली. दुसऱ्या दिवशी फ्रॉकच्या दोन्ही बाजूंना मोरपंखी रंगाच्या, जरीच्या काठाच्या पट्ट्या लागल्या होत्या. "ही नवी फॅशन आहे," एवढेच ती म्हणाली. वर्गात तो फ्रॉक सगळ्यांना इतका आवडला, की रेघा मोजणाऱ्या मुलीनेही तसाच शिवून मागितला. ते मोरपंखी कापड आईच्या एकुलत्या एका चांगल्या साडीचे होते. त्या दिवाळीला ती काय नेसली होती, हे आठवण्याचा मी पुढे पुष्कळदा प्रयत्न केला. आठवत नाही.

या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. मी मात्र मशीनपासून दूर झाले. पुस्तकांत डोके घातले, शाळेत शिकवू लागले, कादंबऱ्या लिहिल्या. माझ्या एका कादंबरीत शिवणकाम करणारी बाई आहे. आईने ती वाचली आणि म्हणाली, "तुझी बाई सुई कधी बदलतच नाही."

गेल्या वर्षी आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला तारीख मिळाली, ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर. डॉक्टरांनी बजावले: महिनाभर वाकायचे नाही, डोळ्यांना ताण द्यायचा नाही, मशीनला हात लावायचा नाही. इकडे अकरा पोलक्यांचे काम घेऊन ठेवलेले. मी म्हटले, परत करू. आई ऐकेना. "दिवाळीचा शब्द दिलाय. कापून मी ठेवते. बेतणं हेच खरं काम. टीप काय, कोणीही मारील." हे 'कोणीही' म्हणजे कोण, ते तिने माझ्याकडे पाहून ठरवले.

असा चव्वेचाळिसाव्या वर्षी माझा शिवणवर्ग सुरू झाला. काळा चष्मा लावून आई पलंगावर टेकून बसे आणि मी मशीनवर. तिला दिसत नव्हते असे नाही. पण बघायची बंदी होती, म्हणून ती माझे काम कानांनी तपासू लागली.

"थांब. टाके सुटतायत."

मी पाहिले, तर खरेच तीन टाके पडत होते आणि चौथा गायब होत होता. "सुई बोथट तरी झालीय, नाहीतर उलटी बसवलीस. सुईला एका अंगाला लांब खोबण असते ना? दोरा नेहमी त्या अंगाने ओवायचा. सपाट बाजू पलीकडे." सुई उलटीच होती. मी शाळेतली बाई, पण त्या दिवशी प्रथमच लक्षात आले की, हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते आणि मशीनच्या सुईचे पुढच्या अणीशी. अमेरिकेतल्या इलायस हाउने १८४६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याची करामत या अणीजवळच्या नेढ्यातच होती. सुई पूर्ण आरपार जातच नाही. ती दोऱ्याचा एक फास खाली सोडून परत फिरते. खालचा आकडा तो फास बॉबिनभोवती फिरवून आणतो, आणि वरच्या-खालच्या दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात पडते. म्हणून चांगली टीप दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते.

दुसऱ्या दिवशी कापडाखाली दोऱ्यांचे जंजाळ झाले. मी बॉबिन काढली, घातली, पुन्हा काढली. आई म्हणाली, "खालच्याला छळू नकोस. गुंता खाली दिसला की चूक वर असते. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेला नाही. दोरा ओवताना पाय वर उचललेला असावा, म्हणजे चकत्या उघडतात. पाय खाली असला तर दोरा नुसता वरून जातो." पाय उचलून पुन्हा दोरा ओवला, आणि जंजाळ नाहीसे झाले. शाळेतल्या किती मुलांच्या बाबतीत मी खालच्यालाच छळले असेन, असे मनात येऊन गेले.

मग रोज एकेक धडा. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके मागे बोटाने धरून ठेवावीत, म्हणजे पहिल्याच टाक्याला गोळा होत नाही. चाक सुरू करताना नेहमी आपल्याकडे वळवावे. उलटे फिरले की दोरा तुटतो. बॉबिनची डबी दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवावी आणि हाताला हलका झटका द्यावा. ती थोडीशी घसरून थांबली तर खालचा ताण बरोबर. सरसर खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. तेलाचा एकेक थेंब पुरे, आणि मग आधी चिंधीवर शिवावे, नाहीतर पहिल्या गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग ठरलेला. दात्यांखाली साचलेले कापसाचे तूस आठवड्याला झाडावे. गोल गळ्याच्या मायेला टिपेच्या अलीकडेपर्यंत बारीक काप द्यावेत, म्हणजे गळा उलटवल्यावर चुण्या पडत नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, कापड ओढू नये. "दाते नेतात ते कापड. तू फक्त वाट दाखव. ओढलंस की सुई वाकते, आणि वाकली की पत्र्यावर आपटून मोडते." चार सुया मोडल्यावर हे मला पटले.

आईच्या वर्गातल्या दोघी-तिघी मुली संध्याकाळी येत, त्यांनाही माझ्या फजितीचा उपयोग झाला. त्यांतली एक विश्वकर्मा योजनेचा अर्ज भरणार होती. केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या या योजनेत अठरा कामांच्या यादीत शिंपीकामही आहे. ती मला म्हणाली, "ताई, तुम्हीपण भरा." आई चष्म्याआडून म्हणाली, "आधी तिला सरळ शिवू दे!"

दहा पोलकी झाली. उरले ते अकरावे, आणि त्याचीच मला धास्ती होती. शेजारच्या काकूंच्या मुलीचा पहिला दिवाळसण. येवल्याच्या पैठणीबरोबरचे जांभळे कापड, बाहीला नारळी काठ. चुकले तर दुसरा तुकडा मिळणे नाही. आईने सांगितल्याप्रमाणे मी अकरा नंबरची बारीक सुई घातली, त्याच कापडाच्या चिंधीवर आधी टीप मारून पाहिली, रेशीम सरकू नये म्हणून खाली पातळ कागद घेतला आणि टीप झाल्यावर तो अलगद फाडून काढला. वसुबारसेच्या रात्री पोलके उभे राहिले. मी ते उलटे करून पाहिले. बाहेरून इतके देखणे, पण आत दोन्ही कुशींना हे एवढे कापड! बोटभर ठीक, पण इथे चांगले दीड-दीड इंच. मला ते गबाळे वाटले. आईला कापताना नीट दिसले नसणार, असेही वाटले. मी कातर घेतली.

कातरीचा आवाज फार लहान असतो. पण आईचे कान!

"काय कापतेस?"

"काही नाही गं. आतलं जास्तीचं कापड जरा सारखं करते."

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ठेव ती कातर. एकदा कापलीस तेवढी पुरे."

माझा हात जागच्या जागी थांबला. तीस वर्षे! तीस वर्षांत तिने या गोष्टीचा उच्चार केला नव्हता. मी सासरी गेले, माझ्या मुलीचे फ्रॉक तिनेच शिवले, प्रत्येकाला बोटबोट माया ठेवली, पण शब्द नाही. मी काहीतरी बोलायला गेले. आई म्हणाली, "दिवा मोठा कर, हूक लावायचेत अजून." मी हूक लावीत बसले. नेढे मला दिसत नव्हते, आणि त्यात मोतीबिंदूचा काही संबंध नव्हता.

धनत्रयोदशीच्या दुपारी काकू आपल्या लेकीला घेऊन आल्या. मुलीने आतल्या खोलीत जाऊन पोलके घातले आणि तिथूनच हाक मारली, "आई, हूक लागत नाहीत गं!" मी घामाघूम. नमुन्याच्या पोलक्याला धरून एकेक टीप मारली होती. काकू घाबऱ्या झाल्या: आता एका दिवसात काय करायचे? कापड बाजारात असले कापड शोधायचे कुठे? आई पलंगावरून शांतपणे म्हणाली, "उसव दोन्ही बाजू. दीड इंच आहे आत."

मी उसवायला बसले. उसवणे हेसुद्धा एक काम आहे. दोरा ओढायचा नाही. चार टाके सोडून एकेक टाका कापीत जायचे, मग दुसऱ्या बाजूचा दोरा आपोआप सुटून येतो. पाऊण तासात पोलके पुन्हा उभे राहिले आणि अंगाला असे बसले की, जणू मापच आत्ता घेतले होते. काकूंनी सुटकेचा श्वास टाकला आणि विचारले, "पण वहिनी, तुम्हांला कसं कळलं? नमुना तर मी लग्नातलाच दिला होता."

"लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येणाऱ्या पोरीच्या पोलक्याला माया जास्तच ठेवावी," आई म्हणाली. "सासरी सुख असलं तर लागते." जरा थांबून म्हणाली, "आणि दुसरंही काही असलं, तरी लागते."

मुलगी लाजून लाल झाली. काकूंनी तिच्याकडे पाहिले, मग पोलक्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "अगं, मला सांगितलं नाहीस!" असे म्हणून त्यांनी तिला जवळ घेतले. पाडव्याला सगळ्यांसमोर सांगायचे ठरले होते म्हणे. पण जांभळ्या पोलक्याने आधीच बातमी फोडली.

मी शाळेत मुलांना रोज सांगते, वहीला डावीकडे समास सोडा. मुले विचारतात, बाई, कागद वाया जातो, कशाला सोडायचा? मी सांगते, बाईंना चुका दुरुस्त करायला जागा नको का? इतकी वर्षे हे सांगत आले, आणि माझ्याच घरात एक बाई जन्मभर प्रत्येकासाठी अशी जागा आतून सोडीत आली, ते माझ्या ध्यानात आले नाही. वरून न दिसणे हा तिचा गुणच, म्हणा. ज्याला गरज पडेल त्यानेच उसवून पाहावे.

महिना संपला. डॉक्टरांनी डोळा तपासून आता शिवायला हरकत नाही असे सांगितले. घरी येताच आईने काळा चष्मा काढून ठेवला आणि मी स्वतःसाठी शिवलेले एक साधे सुती पोलके मागून घेतले. नेहमीच्या सवयीने तिने आधी ते उलटे केले. मायेवरून बोट फिरवले. मी यावेळी ती चांगली बोटभर ठेवली होती. मग सुलटे करून खिडकीतल्या उजेडात धरले आणि नव्या डोळ्याने टीप पाहिली.

"तिरपी आहे," ती म्हणाली. "उसव."

आणि माझे काही म्हणणे ऐकायच्या आत मशीनवर बसली, कापड दाबणारा पाय उचलला, दोऱ्याचे टोक जिभेवर ओले केले आणि दोन वर्षांत प्रथमच, चाचपडता, एका दमात नेढ्यातून ओवून घेतले.